हे झाडायचं कोणी?

काकू मुळशीहून आल्या त्या थेट कुंपणाशी. पिशव्या ओसरीत तशाच, काका कुलूप उघडतायत, आणि ह्या आमच्या दोन बंगल्यांमधल्या छातीएवढ्या भिंतीवर कोपर टेकून हाका मारतायत. "अगं, आहेस का? कढीपत्ता हवाय ना? ने. आणि ऐक."

कढीपत्ता मला नको होता. पण आमच्याकडे गप्पांना कढीपत्त्याचं निमित्त लागतं, तशी पद्धतच पडून गेली आहे.

पुतण्याच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस होता. त्यानं मुळशीच्या पाण्यावरचा एक अख्खा व्हिला घेतला, सगळं गणगोत गोळा केलं. काकूंना फोटो दाखवता येत नाहीत, त्यांचा फोन नेहमी 'मेमरी फुल' असतो. त्यामुळे त्या तोंडी दाखवतात, आणि ते फोटोपेक्षा बरं असतं.

"सुंदर होतं गं घर. खोटं कशाला बोलू? समोर पाणी, पाण्यापलीकडे डोंगर, आणि घराला त्या बाजूनं भिंतच नाही. नुसती काच. सकाळी उठले तर डोंगर उशाशी. हॉल असा उंच, की वर बघताना मान मोडावी. जमिनीला लाल कोबा, अगदी आरशासारखा. एका बाजूला काळ्या दगडाची भिंत, गिलावा नाही काही नाही. आणि पाण्याचा तो तलाव, त्याला काठच नसतो म्हणे, पोहणारा आता पडतोय की मग असं वाटतं."

"मग? नाक का मुरडताय?"

"नाक कुठे मुरडतेय? मला एकच प्रश्न पडला. हे झाडायचं कोणी?"

काकूंचा हा प्रश्न मला हसण्यावारी नेता येत नाही. मला लोकांची घरं बघायचं वेड आहे. संध्याकाळी फिरायला म्हणून जाते ती प्रभात रोडच्या गल्ल्यांतून, आणि चालते कमी, थांबते जास्त. पूर्वी तिथे दगडी जोत्याचे, कौलारू पोर्चचे बंगले होते. आता बरेचसे पाडून इमारती झाल्या. मधूनच एखाद्यानं नवा बंगला बांधलेला असतो: करड्या काँक्रीटचा, विटांच्या जाळीचा, खिडकीऐवजी जमिनीपासून छतापर्यंत एक उभी चीर. मी फाटकाशी रेंगाळते, वॉचमन संशयानं बघतो, मी फोन कानाला लावून कुणाशी तरी बोलल्यासारखं करते. पण इतकी घरं बघून त्या वीस फूट उंचीवरची जळमटं कोण काढतं, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

"तिथे एक मुलगी होती, केअरटेकर म्हणतात तसली. ती आणि तिचा नवरा," काकू म्हणाल्या. "तिलाच विचारलं. म्हणाली, काकू, बांबूला झाडू बांधून नवरा स्टुलावर चढतो आणि मी स्टूल धरते. महिन्यातून एकदा. आणि काच? म्हणाली, काचेचं विचारूच नका."

मग न्हाणीघराचं प्रकरण निघालं. काकू आवाज खाली आणून आणि तरीही काकांना ऐकू जाईल इतपतच खाली आणून सांगू लागल्या. न्हाणीघराला वर छप्पर नाही. उघड्या आभाळाखाली अंघोळ करायची, तीच त्याची मजा. तीन बाजूंना दगडी भिंत, एक झाड आत ठेवलेलं, आणि चौथ्या बाजूला काच, डोंगराकडे तोंड करून.

"आता डोंगरावर गुराखी असतो, हे त्या आर्किटेक्टला कुणी सांगितलं नसेल का गं? आणि वरनं माकड आलं तर? मी दोन्ही दिवस नोकरांच्या बाथरूममध्ये बादलीनं अंघोळ केली. गरम पाणीही तिथेच चांगलं येत होतं."

"आणि स्वयंपाकघर?"

"ओटा भिंत सोडून मध्यावर आलाय. चारी बाजूंनी माणसं उभी राहणार आणि आपण मध्ये फोडणी घालणार, प्रयोग चालल्यासारखी. मिसळणाचा डबा ठेवायला फळी नाही. सगळं फळीशिवाय, कडीशिवाय, मुठीशिवाय. ड्रॉवर कुठून उघडायचा हे सापडायला माझी सकाळ गेली. पण खरा स्वयंपाक तिथे होतच नाही. मागे पत्र्याची खोली आहे, तिथे ती मुलगी चुलीवर भाकऱ्या करते आणि पुढे आणून देते. पिठलं मात्र काय केलं होतं!"

इतक्यात आमची भाची बाहेर आली. ती आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे, सुट्टीला माझ्याकडे असते, आणि काकूंशी तिचं चांगलं जमतं, कारण काकू तिला परीक्षेत विचारत नाहीत असे प्रश्न विचारतात.

"काकू, सगळेच तसे नसतात," ती म्हणाली आणि फोन भिंतीवरून पुढे केला. "हे बघा. अलिबागच्या खाली नांदगाव आहे ना, तिथलं घर. पाल्मायरा हाउस. 2007 चं. बिजॉय जैन म्हणून आर्किटेक्ट आहेत, स्टुडिओ मुंबईचे. नारळाच्या वाडीत दोन लांबट लाकडी पेट्या समोरासमोर ठेवल्यात आणि मध्ये पाणी. भिंतीच्या जागी ताडाच्या लाकडाच्या पट्ट्या, तिरप्या बसवलेल्या. वारा आत येतो, ऊन गाळून येतं. वाडीतल्या जुन्या विहिरी आणि पाट तसेच वापरलेत."

काकूंनी चष्मा वर केला, फोन लांब धरला, जवळ धरला. बराच वेळ काही बोलल्या नाहीत, आणि हे क्वचित घडतं.

"हे छान आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या माहेरी गुहागरला पडवीला अशाच पट्ट्या होत्या, पोफळीच्या. पण ह्या पट्ट्यांवर धूळ बसत असेल."

"बसत असेल."

"आणि हे सुतारकाम कुणी केलं? हल्ली तर दाराची चौकट गुण्यात लावायला माणूस मिळत नाही."

भाची म्हणाली, की तीच तर त्यांची खासियत. सुतार, गवंडी त्यांच्याच कामशाळेतले, घर कागदावर काढण्याआधी ते लोक लाकडात करून बघतात. 2010 मध्ये व्हेनिसच्या प्रदर्शनात त्यांनी ती कामशाळाच नेऊन मांडली होती, नमुने, तुकडे, हत्यारं, सगळं. "हां," काकू म्हणाल्या, "सुतार घरचा असला की मग घर ऐकतं."

आता मलाही चेव चढला. पुण्यात राहून आपण नव्या बांधकामाला सरसकट नावं ठेवतो ते मला पटत नाही. विद्यापीठाच्या आवारातलं आयुका घ्या. चार्ल्स कोरिआंनी केलेलं, नव्वदीच्या सुरुवातीचं. काळा दगड, मध्ये पायऱ्या-पायऱ्यांचं कुंड, आणि कुंडाच्या चार कोपऱ्यांना आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन, आइन्स्टाइन.

"हो, नातवाला विज्ञान दिनाला घेऊन गेले होते की," काकू म्हणाल्या. "ही गर्दी! पण त्या पायऱ्यांवर जाऊन बसलो आणि एकदम बरं वाटलं. वर आभाळ, कुणी उठ म्हणत नाही. नातू आइन्स्टाइनशेजारी बसून वेफर्स खात होता."

कोरिआ हे आयुष्यभर सांगत आले, की आपल्या हवेत प्रत्येक घटकेला आत बसायची गरज नाही. पहाटे अंगणात, दुपारी माजघरात, संध्याकाळी ओट्यावर, रात्री गच्चीत, अशी माणसानं घरातल्या घरात जागा बदलत राहावी. आपल्या वाड्यांत ते होतंच. चौकातली गरम हवा वर निघून जाई आणि सोप्यातनं गार हवा ओढली जाई. विटामातीच्या जाड भिंती दुपारचं ऊन संध्याकाळपर्यंत दाराबाहेर थोपवून धरत. आणि पौडच्या पुढे टेकडीवर ते महिंद्रांचं कॉलेज आहे, 1997 मध्ये सुरू झालेलं, ते ख्रिस्तोफर बेनिंजरांचं. अमेरिकेतला माणूस, इथे आला आणि पुण्याचाच झाला, 2024 मध्ये गेला. भाचीच्या वर्गाची सहल गेली होती तेव्हा मीही शेपटासारखी गेले. दगडी भिंती डोंगरातनं उगवल्यासारख्या. त्याला काकूंच्या व्हिलाच्या रांगेत बसवलं तर मी भांडेन.

"तुमच्या त्या व्हिलात खांब होते का लाकडी?" मी विचारलं.

"होते की! चार. कोरीव, खाली दगडी तळखडा, वर केळफूल. एकावर तर जुना ऑइलपेंट खरवडल्याच्या खुणा होत्या, हिरव्या. पुतण्या म्हणाला, 'अँटिक' आहेत."

हे खांब कुठून येतात ते पुण्यात कुणाला सांगायला नको. पेठेत वाडा पाडला, की सागवान भवानी पेठेत टिंबर मार्केटला जातं, कड्या-कोयंडे आणि दाराच्या पितळी फुल्या जुन्या बाजारात. तिथून कुणी डिझायनर उचलतो, पॉलिश करतो, आणि तोच खांब मुळशीला पाण्याकडे बघत उभा राहतो. कोण जाणे, नारायण पेठेतला असेल.

नारायण पेठ म्हटल्यावर काकूंचं तोंड जरा बदललं. त्यांच्या सासरचा वाडा नारायण पेठेत होता, नदीपासून हाकेच्या अंतरावर. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं, खडकवासलाही गेलं, आणि पाणी पेठांत शिरलं. वाड्याच्या मातीच्या भिंती भिजल्या नि बसल्या. अशी कितीतरी कुटुंबं मग गावाबाहेर सरकली, आमच्या कॉलनीतली निम्मी तरी त्यांतलीच. काकूंच्या सासूबाई रोज सकाळी नळाखाली हंडा लावायच्या आणि पानशेतला शिव्या द्यायच्या. नळाला पाणी त्याच धरणसाखळीचं, पण शिव्यांत खंड नाही.

"आणि आता पानशेतच्या काठाला लेक व्ह्यू," काकू म्हणाल्या. "सासूबाई असत्या तर त्यांनी तिथल्या मॅनेजरला विचारलं असतं, बाबा रे, व्ह्यू तिथेच राहील ना? घरी येणार नाही ना?"

मुळशीच्या पाण्याचंही तसंच. ते काही देवानं घातलेलं तळं नाही. टाटांच्या धरणात मावळातली गावं, भाताची खाचरं जायला लागली म्हणून 1921 मध्ये सेनापती बापटांनी सत्याग्रह उभा केला. धरण झालंच. काकूंना केअरटेकर मुलीनं सांगितलं, की तिच्या आजेसासऱ्यांचं गाव तिथेच, त्या बिनकाठाच्या तलावातनं दिसतं त्या पाण्याखाली. उन्हाळ्यात पाणी फार उतरलं, की जुनी जोती वर येतात म्हणे. वर जी काही जमीन उरली होती, ती मागच्या पिढीनं विकली. आता त्याच जमिनीवरचा कोबा ती पुसते.

"ती बसते का कधी त्या खुर्च्यांवर?" भाचीनं विचारलं.

"मी विचारलं होतं. म्हणाली, मालक वर्षातनं मोजके दिवस येतात, बाकी भाड्यानं. मधल्या वारी आम्हीच असतो. पण त्या खुर्च्यांवर बसून पाठ दुखते, आम्ही आपले पायरीवर बसतो."

काकांनी तोवर आत जाऊन, पंखा लावून, पेपर उघडला होता. काका भूमिअभिलेखातून निवृत्त झाले. जमिनीचा विषय निघाला की पेपरामागून आवाज येतो.

"सातबारा बघितला का कुणी त्या व्हिलाचा?"

"अहो, आपण राहायला गेलो होतो, विकत घ्यायला नव्हे!"

"पुतण्या घ्यायचं म्हणत होता शेजारचा प्लॉट. अकरा गुंठे. त्याला विचारलं, एनए झालंय? म्हणे, प्रस्तावित आहे. प्रस्तावित! म्हणजे शेतजमीन. ह्याच्याकडे शेतकरी दाखला नाही, शेतजमीन ह्याच्या नावावर चढणार कशी? गुंठा म्हणजे एक हजार एकोणनव्वद चौरस फूट एवढं त्याला पाठ आहे, बाकी कायदा एजंट सांगेल तो."

काकांना थांबवलं नाही तर ते तुकडेबंदीवर जातात. काकूंनी लवासा मध्ये घातलं. लवासा निघालं, की सगळ्यांनाच बोलायचं असतं. इटलीतल्या पोर्टोफिनोसारखं गाव सह्याद्रीत, रंगीत इमारती, पाण्याकाठी फिरायला रस्ता; कौतुक आम्हीही केलं, रविवारी गाड्या काढून गेलो, भजी खाल्ली. 2010 मध्ये पर्यावरण खात्यानं काम थांबवलं, 2018 मध्ये प्रकरण दिवाळखोरीत गेलं. काकू म्हणाल्या, "रंग चांगला होता पण." एवढ्यावर तो विषय मिटला.

एरवी पुणेकरानं सुट्टीच्या घरांना फार नाकं मुरडू नयेत, कारण आपलं गावच एकेकाळी कुणाचं तरी सुट्टीचं घर होतं. मुंबईचा गव्हर्नर उन्हाळ्यात महाबळेश्वरला आणि पावसाळ्यात पुण्याला. गणेशखिंडीत त्याच्यासाठी 1860 च्या दशकात जो वाडा बांधायला घेतला, त्याचा खर्च इतका फुगला, की विलायतेच्या पार्लमेंटात त्यावरून बोलणी बसली. आता तिथे विद्यापीठ आहे. म्हणजे पावसाळी बंगल्याचं बजेट हाताबाहेर जाणं, ही रीत पुतण्यानं काढलेली नाही.

फरक असलाच तर पावसाचा. गव्हर्नर पावसाळ्यात पुण्याला येई, कारण इथला पाऊस बेताचा. वर्षाला 700 मिलिमीटरच्या आसपास. तिकडे ताम्हिणीला 5000 च्या पुढे जातो. आणि घराचे फोटो कधी काढतात? दिवाळीच्या आगेमागे. आभाळ निळं, गवत अजून हिरवं, लाकूड नुकतं पॉलिश केलेलं. जुलैत त्याच घरावर काय येतं, ते काकूंना त्या मुलीनं अगदी सविस्तर सांगितलं होतं. सपाट स्लॅबवर पाणी साचतं. पन्हळी बाहेरून दिसू नयेत म्हणून भिंतीत लपवलेल्या, त्यांत पाला अडकतो आणि पाणी आतल्या बाजूला उतरतं. लाकडी डेकवर शेवाळ, एकदा एक पाहुणा तिथे बसला म्हणजे पडून बसला. गाद्यांना वास. आणि मे संपला, की सगळ्या घरावर निळी ताडपत्री. वर विटा.

"म्हणजे त्या आर्किटेक्टनं रेखलेलं घर आठ महिने, आणि ताडपत्रीचं घर चार महिने," काकू म्हणाल्या. "मागच्या पत्र्याच्या खोलीला मात्र उतार आहे. ती गळत नाही."

मी म्हटलं, तो उतार पुढच्या घराला द्यायला कुणाची हरकत होती? मंगलोरी कौलं दीडशे वर्षांहून जास्त काळ आपल्याकडे आहेत, बासेल मिशननं 1865 मध्ये कारखाना काढला तेव्हापासून. दोन हात पुढे आलेली पागोळी, भिंतीपासून लांब पडणारं पाणी. फोटोत म्हातारं दिसतं, एवढाच गुन्हा.

भाची मात्र हसत होती. "काकू, तुम्हाला एक गंमत सांगते. अमेरिकेतलं फॉलिंगवॉटर माहितेय? जगातलं सगळ्यात गाजलेलं सुट्टीचं घर. 1930 च्या दशकातलं, फ्रँक लॉइड राइटचं. पिट्सबर्गचा एक दुकानदार होता, मोठा, कॉफमन. त्याला वाटलं, धबधबा समोर दिसेल असं घर मिळेल. राइटनं घर धबधब्याच्या वरच बांधलं."

"वरच? मग धबधबा दिसतो कुठून?"

"आतून नीटसा दिसतच नाही. ऐकू येतो. आणि ते घर गळायचं. मालक म्हणायचा, हे सात बादल्यांचं घर आहे."

काकूंच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला, तो मुळशीच्या डोंगरानंही पसरला नसेल. "सात बादल्या! अहो, ऐकलंत का? अमेरिकेतही बादल्याच!"

"आणि पॅरिसजवळ कोर्बुझिएचं एक," भाची आता थांबेना, "ज्यानं पुढे चंदीगड केलं तोच. पांढरंशुभ्र, खांबांवर उभं. मालकीणबाई त्याला पत्रांवर पत्रं लिहायच्या, की घरात पाऊस पडतोय, काहीतरी करा."

"त्यानं काय केलं?"

"घर जगप्रसिद्ध झालं."

काकू मान हलवत राहिल्या. एवढ्यात त्यांचा फोन वाजला. फोटो राहत नसले, तरी त्यावर फोन येतो, आणि काकू तो अंतर राखून, स्पीकरवरच घेतात. मुळशीचीच मुलगी होती ती. लोणच्यात मेथी भाजून घालायची की तळून, हे विचारायला. तळून, हे सांगून झालं. मग ती म्हणाली, काकू, जुलैत मधल्या वारी या ना, तेव्हा कुणी नसतं, मालक निम्म्यात देतील. पाऊस बघायला या. धबधबे असे धावतात समोर.

काकूंनी फोनवर हात धरला, जसं काही स्पीकर त्यानं बंद होतो. "येतेस का गं? तू, मी आणि ही. ह्यांना ठेवू घरी, सातबारा वाचत."

मी म्हटलं, येते. भाचीनं तर उडीच मारली.

"येतो गं आम्ही," काकू फोनमध्ये म्हणाल्या. "पण आधी एक सांग. पावसात किती बादल्या लावता तुम्ही?"

पलीकडे जरा मोजणी झाली. "आठ, काकू. आणि जिन्याखाली एक टब."

काकूंनी भाचीकडे बघितलं. "बघ. अमेरिकेपेक्षा एक जास्त. टब वेगळा."